पाण्यात जायची माती

मांडव्याला लाँचमधून उतरून अलिबागकडे निघालं की आधी सासवणे लागतं, मग आवास, मग किहीम. सासवण्याला एका घराच्या अंगणात एक म्हैस बसलेली आहे. ती सिमेंटची आहे. नवीन माणूस तिच्याजवळून जाताना अजूनही क्षणभर थबकतो. घर विनायक पांडुरंग करमरकरांचं. पुण्यात १९२८ साली उभा राहिलेला अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा ज्यांनी घडवला, ते करमरकर. मुंबई, कोलकाता, लंडन असं सगळं फिरून आलेला हा शिल्पकार सासवण्याला आला की गावातली माणसं, घरातली माणसं आणि गोठ्यातली जनावरं घडवत बसायचा. ही कामं कुणी सांगितलेली नव्हती. त्यांचे पैसेही मिळणार नव्हते. घरभर आणि अंगणभर ती आज ठेवलेली आहेत, आणि लोक तिकीट काढून बघायला येतात.

करमरकरांचा जन्म याच गावातला, १८९१ चा. वडील शेती सांभाळून गणपती करत. मुलाच्या हाताला माती लागली ती तिथेच. पुढची गोष्ट आमच्या भागात सगळ्यांना पाठ आहे. या मुलाने राममंदिराच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं, कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस ते पडलं, त्यांनी मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवायची व्यवस्था केली, आणि सासवण्याचा मुलगा मोठा शिल्पकार झाला. शाळेत चित्रकला शिकवताना मी ही गोष्ट दर वर्षी सांगत असे. मुलांना त्यातला कलेक्टर आवडायचा. गोरा साहेब, घोडा, देवळाची भिंत, नशीब उघडणं. मला मात्र त्या आधीची पडवी महत्त्वाची वाटते. पावसाळ्यातली ओली पडवी, एका कोपऱ्यात भिजत घातलेली माती आणि तिच्याभोवती बसलेली पोरं. अशा पडव्या या किनाऱ्यावर शेकड्यांनी होत्या. त्यातल्या एकीतून करमरकर निघाले. बाकीच्या पडव्यांमधून कुणी शिल्पकार निघाला नाही, पण तिथे बसलेल्या माणसांना त्या मातीने काय दिलं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मला लिहायचं आहे ते त्यांच्याबद्दल.

मी चौलची. आमची सुपारीची वाडी. लहानपणी वर्षाचा एक भाग असा यायचा की घरात सगळ्यांचे हात कशात ना कशात बरबटलेले असायचे. आवणी उरकलेली असायची, होड्या ओढून किनाऱ्यावर शाकारलेल्या असायच्या, समुद्र बंद. नारळी पौर्णिमेपर्यंत कोळीवाड्यालाही उसंत. पाऊस पडत राहायचा आणि बाहेर जायला जागा नसायची. आज आपण ज्याला मन खालावणं म्हणतो, ते आषाढाच्या अखेरीला घराघरात शिरायचं. आजी त्याला नाव द्यायची नाही. ‘पोरं कुरकुरायला लागली, माती आणा,’ एवढंच म्हणायची.

पहिला मान नागोबाचा. नागपंचमीला जमीन खणायची नाही, म्हणून माती आदल्या दिवशी आणून ठेवलेली असे. वारुळाची माती लागायची, ती बारीक, चिकट आणि जवळजवळ लोण्यासारखी. आजी ती पाणी शिंपडत मळायची आणि प्रत्येकाला एक गोळा द्यायची. घरच्या पोरांना, शेजारच्यांना, आणि वाडीत कामाला येणाऱ्या गड्याच्या पोरांनाही. तिच्या सूचना ठरलेल्या. आधी नुसता गोळा कर. गोल झाला का? आता वळ. वेटोळं आधी, फणा मागाहून. फणा फुटला तर पाण्याचं बोट लाव. एवढं सांगून ती आपल्या कामाला लागायची. कुणाच्याही नागाला तिने कधी हात लावून तो नीट केला नाही. कुणाचा नाग गांडुळासारखा व्हायचा, कुणाचा फणा नागापेक्षा जड व्हायचा. सगळे एकाच पाटावर बसायचे, सगळ्यांना लाह्या, दूध, दूर्वा, आघाडा. आणि दुसऱ्या दिवशी सगळे पोफळीच्या आळ्यात. पाणी सोडलं की नाग विरघळून जायचे.

त्यानंतर भाद्रपदात हरतालिका. नाग मुलांचा असे, तर हा बायकांचा दिवस. गणपतीच्या आदल्या दिवशी पहाटे बायका समुद्रावर जाऊन स्वच्छ वाळू आणत. ओल्या वाळूची पिंडी करायची, शेजारी सखी-पार्वती. निर्जळी उपास, म्हणून चूल शांत. वर्षातला हा एक दिवस असा की ओटीवर बायका मांडी घालून बसलेल्या आहेत आणि त्यांना कुणी चहा मागत नाही. वाळू चिकण मातीसारखी ऐकत नाही. पाणी कमी झालं की ढासळते, जास्त झालं की पसरते. एकीची पिंडी घसरली की दुसरी हाताने आधार द्यायची. आमच्या नात्यातली एक मावशी होती, तिचं मूल गेलेलं. तिची पिंडी सगळ्यात उशिरा व्हायची. ती करायची, मोडायची, पुन्हा करायची. मला आठवतं ते हे की तिला कुणी ‘आवर’ म्हणत नसे. वाळू कमी पडली की कुणीतरी न बोलता तिच्यापुढे ओंजळ रिकामी करायचं. पूजा तिच्यासाठी थांबायची.

गणपती मात्र माझ्या लहानपणी आमच्या घरी होत नसे. श्रावणात आमचा पाट गावातल्या कारखान्यात जायचा. पाटाखाली घराचं नाव खडूने लिहिलेलं असे. शाळा सुटली की आम्ही पोरं कारखान्याच्या दारात. मूर्तिकार आम्हाला हाकलत नसत. उरलेल्या मातीचा तुकडा पुढे टाकून म्हणत, ‘उंदीर कर.’ वर्षानुवर्षं हाच धडा. उंदीर जमला नाही तर त्याची माती परत पिंपात. जमला तर तो खरंच कुठल्यातरी गणपतीच्या पायाशी बसायचा, आणि ते घर कोणतं हे आम्ही शोधून काढायचो. पहिला उंदीर पाटावर बसला त्या दिवशीचा आनंद मला पुढे कुठल्याही पदकाने दिला नाही.

दिवाळीत किल्ला. घाटावर पोरं शिवनेरी, प्रतापगड, रायगड करतात. आमच्याकडे किल्ल्याभोवती खंदक नाही, समुद्र लागायचा. कारण आमच्या डोळ्यासमोर कुलाबा होता, शिवाजी महाराजांनी शेवटच्या दिवसांत, १६८० मध्ये, बांधायला घेतलेला आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरा झालेला. पलीकडे कोरलई, दक्षिणेला जंजिरा आणि त्याच्यासमोर पद्मदुर्ग. पोरं तगारीत पाणी भरून त्यात दगड रचत, भरती-ओहोटी करत, तटावर हळीव पेरत. भांडणं व्हायची ती सिद्दी कुणी व्हायचं यावरून. मोठी माणसं लांबून सल्ला द्यायची. तटाला उतार ठेव, नाहीतर माती सुटेल. तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला निम्मा ढासळलेला असे.

नाग, पिंडी, गणपती, किल्ला. श्रावण ते कार्तिक हा हातांचा हंगाम. आज मानसोपचाराची मंडळी ज्या गोष्टी मुद्दाम जमवून आणतात, त्या इथे पंचांगाने जमवलेल्या होत्या. बसायची ठरलेली वेळ, एक वाट दाखवणारं माणूस, हाताला चटकन वळणारी वस्तू, आणि आजूबाजूला तेच करणारी चार माणसं. पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट वेगळी आहे. यातलं काहीच टिकणार नव्हतं. नाग दुसऱ्या दिवशी आळ्यात, पिंडी समुद्रात, गणपती दीड दिवसाने किंवा पाच-सात-दहा दिवसांनी पाण्यात. जी वस्तू पाण्यातच जायची, तिला नावं ठेवायला कुणाला सवड होणार? वाकडी झाली तर झाली. म्हणूनच ज्यांचे हात चालत नव्हते तेही बसायचे, आणि ज्यांचं मन चालत नव्हतं तेही.

हे बदललं, आणि ते कुणाच्या वाईट हेतूने बदललं नाही.

पेण आमच्याच जिल्ह्यातलं, भोगावती नदीकाठचं. पूर्वी त्याची ओळख मीठ, तांदूळ, पोहे, पापड. धरमतरच्या खाडीतून मचवे मुंबईला जायचे. मूर्तीही तिथे पूर्वीपासून होत होत्या, पण १८९३ मध्ये लोकमान्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली, त्याच वर्षी गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत गणपती बसला, आणि मुंबईच्या चाळींमधून, गिरण्यांमधल्या कोकणी माणसांमधून मूर्तींची मागणी वाढत गेली. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत कोण माती भिजवणार? मूर्ती विकतच आणायची. पेणमध्ये देवधरांसारख्या घराण्यांनी या कामाला कलेचं वळण दिलं. प्रमाणबद्ध अंग, नाजूक बोटं, आणि ते डोळे. पेणच्या गणपतीचे डोळे दुरून ओळखू येतात. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर वेगळा, आणि तो हात स्थिर असेपर्यंतच ते काम करतो.

शाडू गुजरातेतून येतो. पांढुरका, मऊ, सुकल्यावर जड, तडा जायला टपलेला. ऐन पावसात त्या मूर्ती वाळवणं म्हणजे कारागिराची परीक्षा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लास्टर ऑफ पॅरिस आलं, ते काही मिनिटांत घट्ट होणारं, हलकं आणि तडा न जाणारं. रबराच्या साच्यातून एकसारख्या मूर्ती निघू लागल्या. वर्षभर काम करून साठा करता येऊ लागला. पेणच्या भोवतालची हमरापूर, जोहे ही गावंच्या गावं या धंद्यात आली. लाखो मूर्ती रंगवून किंवा कच्च्या, महाराष्ट्रभर आणि परदेशात जाऊ लागल्या. जोह्याच्या घराघरात बायका शेला आणि पितांबर रंगवून संसार चालवतात. ज्यांना एरवी मुंबईची लोकल धरावी लागली असती त्यांना गावातच काम मिळालं. या धंद्याला सरसकट नावं ठेवणारी माणसं मला पटत नाहीत. नदी-समुद्राचं जे व्हायचं ते झालंच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे २०२० चे नियम, २०२५ मधले मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश, कृत्रिम तलाव, हे सगळं वाचकांना माहीत आहे. पण माझं दुःख पाण्यापुरतं नाही. मूर्ती इतकी सुबक झाली की घरच्या माणसाने मातीला हात लावायची लाज वाटू लागली. गावचा कारखानाही पेणहून कच्चे गणपती आणून नुसते रंगवू लागला, आणि प्लास्टरचा उरलेला तुकडा पोराला देता येत नाही. तो घट्ट झालेला असतो.

दुसरी गोष्ट शाळेची, आणि त्यात मी स्वतः आयुष्य घातलं आहे. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. तिथून निघालेल्या शिक्षणाने महाराष्ट्राला मोठे कलावंत दिले, करमरकर त्यातलेच. खेड्यापाड्यातल्या शाळांना त्यातून मिळाल्या त्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. वस्तुचित्राला तांब्या, फडका आणि एक फळ. मी शेकडो मुलांना हा तांब्या काढायला शिकवलं आणि ते शिक्षण वाया गेलं असं मी म्हणणार नाही. डोळ्याला शिस्त लागते. एखाद्या आगरी घरातल्या मुलीला ए ग्रेड मिळाली की तिच्या घरी पेढे वाटले जायचे, आणि त्यातल्या काही मुली पुढे शिक्षिका झाल्या. पण वर्गातल्या चाळीस मुलांपैकी पाच-सहाच परीक्षेला बसत. उरलेली पस्तीस मुलं वयाच्या बाराव्या वर्षी कायमचं एक वाक्य शिकून बाहेर पडत: मला चित्र येत नाही. हे वाक्य मी पन्नाशीच्या, साठीच्या, सत्तरीच्या माणसांच्या तोंडून ऐकलेलं आहे. चुलीपुढे सुंदर रांगोळी घालून उठलेली बाई हात झटकत हेच म्हणते. आजीच्या पाटावर असं म्हणायची वेळ कुणावर आली नव्हती.

बाहेरच्या जगात हाच धागा दुसऱ्या टोकाने सापडला. एड्रियन हिल नावाचा इंग्रज चित्रकार १९३८ मध्ये क्षयाने आजारी पडून मिडहर्स्टच्या आरोग्यधामात पडून होता. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. हवा, विश्रांती आणि वाट बघणं. तो खाटेवरूनच जवळच्या वस्तूंची चित्रं काढू लागला, आणि त्याला जाणवलं की दिवस सुसह्य होतो आहे. मग तो इतर रोग्यांना शिकवू लागला, युद्धातून जखमी होऊन आलेल्या सैनिकांनाही. १९४२ मध्ये त्याने या कामाला कलोपचार या अर्थाचं नाव दिलं आणि १९४५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. अलीकडे मोजमापही झालं आहे. अमेरिकेत ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३९ प्रौढ माणसांना पाऊण तास मार्कर, कागदाची चिकटचित्रं किंवा चिकण माती दिली. शेजारी वाट दाखवायला एक जाणकार होता, पण काय करायचं याची सक्ती नव्हती. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, मोजलं. सुमारे पाऊणशे टक्के माणसांमध्ये ते कमी झालं. गट लहान होता, त्यामुळे एवढ्यावरून मोठे दावे कुणी करू नयेत. पण त्यातलं एक निरीक्षण मी कागदावर लिहून भिंतीला लावलं आहे. आधी कलेचा सराव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यास एकत्र करून कला आणि आरोग्याच्या नात्यावर अहवाल काढला. तो वाचताना मला सारखी वारुळाची माती आठवत होती.

आणि मग ३ जून २०२०.

निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं ते दुपारी. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, रेवदंडा, चौल, नागाव, सगळीकडे वाड्या आडव्या झाल्या. पोफळी काडीसारख्या मोडल्या, माड मुळांसकट उपटून घरांवर पडले. छपरं उडाली. वीज कित्येक दिवस नव्हती. पंचनामे झाले, मदत आली, पण वाडी म्हणजे या वर्षीचं पीक नव्हे. सुपारीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. सत्तरीतल्या माणसाला तुम्ही पुन्हा लावा म्हणता, तेव्हा तो मनातल्या मनात स्वतःचं वय मोजतो. वरून करोना. मुंबईची मुलं येऊ शकत नव्हती, आली तर चौदा दिवस शाळेत कोंडली जात होती. त्या आषाढात आमच्या आळीत संध्याकाळी कुणी ओटीवर येत नसे. बायका एकमेकींशी बोलत त्या फक्त पत्र्याचा भाव आणि तलाठी कधी येणार यावर.

सरकारने त्या वर्षी घरगुती गणपतीला दोन फुटांची आणि सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची मर्यादा घातली होती. पेणच्या कारखान्यांचंही वादळाने नुकसान झालेलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, यंदा गणपती आणायचा कुठून? मी म्हटलं, करू या. आपल्या पडवीत.

वाडीची माती रेताड. तिचा गोळा धरत नाही. शेतातून चिकण माती आणली, दोनदा चाळली, खडे वेचले, रात्रभर भिजवली. पहिल्या दिवशी बायका लांब लांब बसल्या, तोंडाला पदर किंवा मास्क. मी गणपतीचं नावच काढलं नाही. म्हटलं, गोळा करा. मोडा. पुन्हा करा. पाट्यावर आपटा. आपटताना आवाज होतो, आणि तो आवाज मोठा करायला कुणालाही सांगावं लागलं नाही. बराच वेळ पडवीत नुसतं धप्प धप्प चाललं होतं. कुणी काही बोललं नाही. उठताना एकीने विचारलं, उद्या किती वाजता?

पुढच्या वेळी सांगितलं, रोज हाताला लागणारी एक वस्तू करा. अडकित्ता झाला, विळी झाली, रहाटाचं गाडगं झालं. एका आजींनी पोफळ केली. उभी करायला गेल्या तर वाकायची. त्यांनी ती आडवी ठेवली, शेजारी दुसरी आडवी ठेवली, मग तिसरी. मग त्या रडल्या. जवळ बसलेल्या दोघी-तिघी आपापली वस्तू सोडून पोफळी करायला लागल्या आणि त्यांच्या शेजारी नेऊन मांडू लागल्या. वादळाबद्दल आळीतल्या बायका खऱ्या अर्थाने बोलल्या ते त्या दिवशी. कुणाचं छप्पर आधी उडालं, कोण खाटेखाली शिरलं, गाय कुणी सोडली. मी काही विचारलं नव्हतं. वाट दाखवणाऱ्याने कुठे थांबायचं हे मला आजीने शिकवलेलं आहे, आणि त्या दिवशी ते फार उपयोगी पडलं. उठताना मी म्हटलं, माती परत पिंपात टाकायची आहे. आजींनी आपल्या हाताने सगळ्या पोफळी मोडल्या, गोळा केला, आणि म्हणाल्या, ‘याचाच गणपती करीन.’

आणि केला. भाद्रपद शुद्ध चतुर्थी त्या वर्षी २२ ऑगस्टला होती. आळीत त्या वर्षी बहुतेक घरांत स्वतःच्या हाताचे गणपती बसले. एकाही मूर्तीचे डोळे पेणसारखे नव्हते. काहींना गुंजेचे दाणे लावले, काहींना मिरी. विसर्जन अंगणातल्या टोपात केलं आणि ते गढूळ पाणी नव्या रोपांच्या खड्ड्यांत घातलं. एक बाई जूनपासून रात्री जागत होती, छपरावर काही पडेल या धास्तीने. ती मला म्हणाली, ‘बाई, हात दमले की डोळा लागतो.’ मी डॉक्टर नाही. झोप महिना-महिना येत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर मातीवर भागवू नका, अलिबागच्या सरकारी दवाखान्यात चला, हे मी तेव्हाही सांगत होते आणि दोघींना तिथे घेऊनही गेले. पण दवाखान्याच्या दारापर्यंत यायला त्यांना बळ आलं ते पडवीतल्या त्या बसण्याने, हे मी पाहिलेलं आहे.

आता ऑगस्ट आला की शाळाशाळांत पर्यावरणपूरक गणेशमूर्तीच्या कार्यशाळा होतात. पेणचे, हमरापूरचे मूर्तिकार जातात, मुलांना शाडूचे गोळे वाटून देतात. बैठक, पोट, पाय, हात, डोकं, सोंड, कान, अशा क्रमाने दाखवतात. त्यांच्यासारखं दाखवणं मला जन्मात जमायचं नाही. मोठ्या कारागिराचे हात चालताना मुलांनी बघावेत यासारखं दुसरं शिक्षण नाही. पण शेवटी टेबल मांडलं जातं, पाहुणे येतात, पहिला-दुसरा-तिसरा क्रमांक निघतो आणि प्रमाणपत्र दिलं जातं. इथे माझं भांडण आहे. मी प्रत्येक मुख्याध्यापकांना हेच सांगते: क्रमांक काढू नका. परीक्षा घ्यायला तांब्या-फडका आहेच, तिथे जरूर घ्या, कडक घ्या. मातीला त्यातून वगळा. ज्या मुलाचा गणपती बसल्या जागी कलला, त्यानेही तो घरी नेऊन पुजावा आणि बादलीत सोडावा. काही शाळा ऐकतात. काही म्हणतात, बक्षीस नसेल तर पालक मुलांना पाठवत नाहीत. मग मी म्हणते, पालकांनाही बोलवा, त्यांच्याही पुढे एकेक गोळा ठेवा. जिथे हे झालं तिथे बाप लोक मुलांपेक्षा उशिरा उठले.

दुसरं मागणं कारखानदारांकडे आहे. शाडूच्या मूर्ती पुन्हा वाढताहेत, म्हणजे ओल्या मातीचे तुकडे पुन्हा उरणार. श्रावणात दारात एक बाक ठेवा, त्यावर ती माती आणि एक वाटी पाणी. येता-जाता पोरं बसतील, मोठी माणसं बसतील, पाट द्यायला आलेल्या म्हाताऱ्या बसतील. तुमचा एखादा शिकाऊ मुलगा अधूनमधून बघेल, एवढं पुरे. धंद्याच्या घाईत हे कटकटीचं वाटेल, हे मला कळतं. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस कारखान्यात श्वास घ्यायला जागा नसते. म्हणून आषाढातच सुरू करा, गर्दी वाढली की बंद करा. हमरापूरच्या एका कारखानदारांशी यंदा बोलणं झालं. त्यांनी आधी बाकाची जागा मोजून पाहिली, मग विचारलं की पोरांना आधी काय करायला द्यायचं. मी उत्तर देण्याआधी त्यांच्या वडिलांनी आतून सांगितलं, उंदीर.